न झालेल्या गोलांचा हिशेब

४ मे ही तारीख महाराष्ट्राच्या क्रीडा दिनदर्शिकेत कुठे ठळक केलेली नाही. २०२४ साली याच दिवशी कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधील विवेकानंद युवा भारती क्रीडांगणावर, साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, मुंबई सिटी एफसीने मोहन बागानला ३-१ असे हरवून इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. तो करंडक उंचावणारा कर्णधार राहुल भेके हा मुंबईत जन्मलेला, मराठी आडनावाचा आणि बचाव फळीत खेळणारा फुटबॉलपटू. मुंबईचे गोल होर्हे पेरेरा डियाझ, बिपिन सिंग आणि याकुब व्होइतुश यांनी केले. मथळ्यांवर पहिला हक्क गोल करणाऱ्यांचा असतो, आणि त्यावर कोणाचा आक्षेप असायचे कारण नाही. पण विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या रात्री भेकेने नेमके काय केले, हे फुटबॉल पाहणाऱ्या किती मराठी माणसांना सांगता येईल? आणि सांगता येत नसेल, तर दोष आठवणीचा की आपल्या मोजमापाचा?

आधी त्या मैदानाविषयी. सॉल्ट लेक म्हणजे बिधाननगर. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री बिधानचंद्र राय यांच्या कल्पनेतून आलेले हे उपनगर खाऱ्या दलदलीत हुगळीचा गाळ भरून वसवले गेले. जानेवारी १९८४ मध्ये नेहरू करंडकाच्या सामन्यांनी तिथले स्टेडियम खुले झाले. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सव्वा लाखाहून अधिक माणसे तिथे होती. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी खुर्च्या बसवल्या आणि क्षमता निम्म्याच्या आसपास आली. आवाज मात्र निम्मा झाला नाही. परक्या संघाच्या बचावपटूला या आवाजात स्वतःच्या गोलरक्षकाची हाकही ऐकू येत नाही. त्याला मान वळवून पाहावे लागते, आणि मान वळवली तेवढ्यात समोरचा आघाडीपटू दोन पावले पुढे निघून गेलेला असतो.

अशा मैदानावर मुंबईला तीन आठवड्यांत दोनदा उतरावे लागले. १५ एप्रिल २०२४ च्या साखळीतील अखेरच्या सामन्यात मुंबईला बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानने तो सामना २-१ असा जिंकला आणि साखळी विजेत्याची ढाल मुंबईच्या हातून गेली. ४ मे रोजी तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, तीच गर्दी. मध्यंतराला काही क्षण उरलेले असताना जेसन कमिंग्सने मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. १५ एप्रिलची पुनरावृत्ती होणार, असे स्टेडियमने जवळजवळ ठरवून टाकले होते. उत्तरार्धात मुंबईने तीन गोल केले. त्याच पंचेचाळीस मिनिटांत आणि भरपाई वेळेत मोहन बागानला एकही गोल करता आला नाही. दिमित्री पेट्राटोस, कमिंग्स, मनवीर सिंग, लिस्टन कुलासो अशी आक्रमणाची फळी, पाठीशी साठ हजार घसे, तरी शून्य. गुणफलकावर हे शून्य कोणाच्याही नावापुढे लिहिले जात नाही. बचावपटूची सगळी कारकीर्द या निनावी शून्यांची बनलेली असते.

भेकेच्या कारकिर्दीची ओळख करून द्यायची, तर हाताशी येणारे प्रसंग असे. सप्टेंबर २०१५ मध्ये ईस्ट बंगालने कोलकाता लीगच्या डर्बीत मोहन बागानला सॉल्ट लेकवरच ४-० असे हरवले, त्या चारांतला एक गोल त्याचा. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईच्या अंधेरीतील मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना झाला. बेंगळुरू एफसी आणि एफसी गोवा यांच्यातली कोंडी जादा वेळेत, अगदी अखेरीस फुटली ती कॉर्नरवरून भेकेने मारलेल्या हेडरने. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला २-१ असे नमवले. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. विजयी गोल भेकेचा, तोही हेडरने. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादेत मलेशियाविरुद्ध भारताला १-१ अशी बरोबरी साधून दिली ती त्यानेच. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध भारताने ३-० असा विजय मिळवला, त्यातला पहिला गोलही त्याचाच.

ही यादी भरघोस आहे, आणि तिच्यातली अडचणही तिच्यातच आहे. सगळे प्रसंग गोलांचे आहेत. ज्या माणसाला संघात घेतले जाते गोल होऊ न देण्यासाठी, त्याची ओळख आपण त्याने केलेल्या पाच-सहा गोलांनी करून देतो. भारतीय संघाचे दारही त्याला जून २०१९ मध्ये, म्हणजे अंधेरीतील त्या हेडरनंतर उघडले. थायलंडमधील किंग्ज चषकात कुरासावविरुद्ध तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. त्याआधीची कित्येक वर्षे तो त्याच जागी उभा राहून तेच काम करत होता.

त्याच्या कामाची खरी कसोटी पाहायची असेल, तर १० सप्टेंबर २०१९ ची दोहा येथील रात्र पाहावी. विश्वचषक पात्रता स्पर्धेचा सामना, समोर कतार. त्याच वर्षी आशिया चषक जिंकलेला आणि पुढच्या विश्वचषकाचा यजमान. भारताचा हुकमी खेळाडू सुनील छेत्री आजारपणामुळे संघाबाहेर. उजव्या बाजूला मुंबईचा राहुल भेके, डाव्या बाजूला गोव्याचा मंदार राव देसाई, मध्ये संदेश झिंगन आणि आदिल खान. कतारने नव्वद मिनिटे हल्ला चढवला, गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने एकामागून एक फटके अडवले, आणि सामना ०-० असा संपला. भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या काळातल्या सर्वांत मोलाच्या निकालांत त्या बरोबरीची गणना होते. तिची चित्रफीत मात्र कोणी वारंवार लावून पाहत नाही, कारण तिच्यात जल्लोषाचा क्षण नाही. उजव्या बाजूने येणारा चेंडू किती वेळा गोलपेटीच्या बाहेरच अडला, प्रतिस्पर्ध्याला किती वेळा आतल्या बाजूला वळण्याऐवजी सीमारेषेकडे ढकलले गेले, हे पाहायला डोळ्यांना सवय लागते. ती सवय आपण लावून घेतलेली नाही.

महिनाभराने, १५ ऑक्टोबर २०१९ रोजी, तोच बचाव बहुतांशी बांगलादेशविरुद्ध सॉल्ट लेकवर उतरला. बांगलादेशने आघाडी घेतली, आणि ८८ व्या मिनिटाला आदिल खान या गोमंतकीय बचावपटूच्या हेडरने भारताने कशीबशी १-१ अशी बरोबरी साधली. दोह्यात कौतुक झालेल्या फळीवर कोलकात्यात टीका झाली. बचावपटूच्या आयुष्याचा हा नेहमीचाच व्यवहार आहे. आघाडीच्या खेळाडूने पाच संधी दवडून सहावी साधली, तर तो नायक ठरतो. बचावपटूने एकोणसाठ वेळा अचूक पाऊल टाकले आणि साठाव्या वेळी तो अर्ध्या क्षणाने मागे पडला, तर रात्रभर दूरचित्रवाणीवर तो साठावा प्रसंगच फिरत राहतो.

१२ एप्रिल २०२५ चा सॉल्ट लेकवरचा अंतिम सामना याचा ढळढळीत पुरावा आहे. भेके तोवर पुन्हा बेंगळुरू एफसीकडे गेला होता, आणि बेंगळुरूची गाठ पुन्हा मोहन बागानशी पडली होती. उत्तरार्धाच्या सुरुवातीला मोहन बागानचा स्पॅनिश बचावपटू आल्बेर्तो रॉड्रिगेझ याच्याकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. पुढे बेंगळुरूचा बचावपटू चिंग्लेनसाना सिंग याच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी मिळाली आणि कमिंग्सने बरोबरी केली. जादा वेळेत जेमी मॅक्लारेनने विजयी गोल केला. नियमित वेळेतले दोन्ही गोल बचावपटूंच्या चुकांतून आले. आल्बेर्तोची चूक विजयाने झाकली गेली, चिंग्लेनसानाची पराभवाने उघडी पडली. त्याच हंगामात या दोघांनी केलेले शेकडो अचूक बचाव कोणत्याही चित्रफितीत नाहीत. चुकीची नोंद होते आणि अचूकतेची होत नाही, असा हा धंदा आहे.

याच मैदानावरचा दुसरा प्रसंगही बोलका आहे. २ सप्टेंबर २०११ रोजी लिओनेल मेस्सीच्या अर्जेंटिनाने इथे व्हेनेझुएलाशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. सामन्यात गोल एकच झाला. मेस्सीच्या कॉर्नरवर तो हेडरने केला निकोलास ओटामेंडी या बचावपटूने. कोलकात्याने आठवण जपली ती मेस्सीची. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी पुन्हा सॉल्ट लेकला आला, या वेळी सामना न खेळता, केवळ दर्शनापुरता. तो नीट दिसलाही नाही म्हणून संतापलेल्या गर्दीने खुर्च्या उखडून मैदानात भिरकावल्या. ताऱ्यांवरचे प्रेम खेळावरच्या प्रेमापासून तुटले, की काय होते, ते त्या दुपारी दिसले.

मात्र या एका दुपारच्या प्रसंगावरून कोलकात्याची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. भारतात बचावपटूची कदर करणारे गाव कोणते, असे विचारले तर पहिले नाव याच शहराचे घ्यावे लागते. इडन गार्डन्सजवळ मैदान परिसरात गोष्ठ पाल यांचा पुतळा उभा आहे. मोहन बागानचे हे बचावपटू 'चीनची भिंत' म्हणून ओळखले जात. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिलाच पद्म सन्मान होता. पहिला मान गोल अडवणाऱ्याला मिळाला, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानच्या अनवाणी संघात एकच खेळाडू बूट घालून खेळला, तो डावा फुलबॅक सुधीर चॅटर्जी. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९५१ चे आशियाई सुवर्ण जिंकले, तेही बचावपटूच. जर्नेलसिंग पंजाबहून कोलकात्याला आले, मोहन बागानचे आधारस्तंभ झाले, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना आघाडीला खेळून अंतिम सामन्यात त्यांनी दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला. पुढच्या काळात सुब्रत भट्टाचार्य सतरा हंगाम मोहन बागानच्या बचावात उभे राहिले आणि शहराचे 'बाबलूदा' झाले. पलीकडे ईस्ट बंगालच्या घराघरांत मनोरंजन भट्टाचार्य हे नाव तितक्याच आपुलकीने घेतले जात होते. तिथल्या चहाच्या टपरीवर 'स्टॉपर कोण खेळतोय' हा प्रश्न 'स्ट्रायकर कोण' याच्या आधी विचारणारी माणसे आजही भेटतात.

या जाणकारीमागे अनुभव आहे. १९९७ च्या त्या सव्वा लाखाच्या सामन्याआधी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या आक्रमक 'डायमंड' रचनेचा बोलबाला होता. पी. के. बॅनर्जी यांच्या ईस्ट बंगालने त्या रचनेच्या पाठीमागे मोकळ्या राहिलेल्या जागेत वारंवार शिरकाव केला. बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि सामना ४-१ असा संपला. मागची बाजू उघडी टाकून पुढची सजवली की काय होते, हा धडा कोलकात्याने एका संध्याकाळी घेतला. २०२४ च्या अंतिम सामन्यात दोन्ही कर्णधार बचावपटू होते, इकडे भेके आणि तिकडे शुभाशिष बोस. बोसने पुढच्या वर्षी साखळीची ढाल आणि करंडक दोन्ही उंचावले, आणि २०२४-२५ साठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्याला मिळाला. याआधी २०१० साली गौरमांगी सिंग आणि २०२०-२१ मध्ये संदेश झिंगन यांनाही तो मान लाभला होता. देशपातळीवर पाहणारे डोळे अगदीच आंधळे नाहीत, एवढा दिलासा यातून मिळतो.

जगाचे चित्र याहून कंजूष आहे. १९५६ पासून दिल्या जाणाऱ्या बॅलन डी'ऑर पुरस्काराच्या यादीत बचावपटूंची नावे तीनच आहेत: फ्रान्झ बेकनबाउअर, मॅथियास सामर आणि फाबिओ कानाव्हारो. कानाव्हारोला तो २००६ साली मिळाला, त्यानंतर एकाही बचावपटूला नाही. याउलट एक छोटा देश पाहण्यासारखा आहे. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल हा त्यांचा स्वतःचा खेळ आहे. चेंडू हातानेही खेळायचा आणि पायानेही, एका संघात पंधरा खेळाडू. आपापल्या काउंटीसाठी खेळणारे हे सगळे हौशी, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून खेळणारे. तिथे १९७१ पासून 'ऑल स्टार' सन्मान दिला जातो आणि तो पंधरा जागांनुसार दिला जातो: एक गोलरक्षक, तीन फुलबॅक, तीन हाफबॅक आणि मग पुढचे. म्हणजे दरवर्षी सहा बचावपटूंचा सन्मान व्हायचाच, कोणाच्या मर्जीवर तो अवलंबून नाही. केरी काउंटीचा पॉडी ओ शे हा बचावपटू आठ अखिल आयर्लंड विजेतेपदांचा मानकरी, आणि त्याच्या नावावर पाच ऑल स्टार आहेत. त्याची कारकीर्द सांगताना कोणाला त्याचे गोल शोधत बसावे लागत नाही.

यासाठी आयर्लंडपर्यंतही जायला नको. बचावाची मोजणी कशी करावी, हे महाराष्ट्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खो-खोच्या कोणत्याही सामन्याची मराठी बातमी उघडावी. अमुक खेळाडूने दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केले आणि तीन गडी टिपले, अशी दोन्ही कामांची नोंद एका वाक्यात, बरोबरीने केलेली असते. संरक्षण आधी, गडी नंतर. राष्ट्रीय स्पर्धांत सर्वोत्तम आक्रमकाबरोबर सर्वोत्तम संरक्षकाचाही गौरव होतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे, याच संस्कारात वाढलेले. कबड्डीत पकडीला गुण आहे, कमी खेळाडूंनी केलेल्या अव्वल पकडीला दुप्पट गुण आहेत, आणि डाव्या कोपरारक्षकाचे नाव प्रेक्षक चढाईपटूइतक्याच कौतुकाने घेतात. क्रिकेटमध्येही नाशिकचे बापू नाडकर्णी आपण कशासाठी लक्षात ठेवले? १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग एकवीस षटके निर्धाव टाकली. त्या डावात त्यांना एकही बळी मिळाला नाही. ३२ षटकांत २७ निर्धाव आणि अवघ्या ५ धावा, हे आकडे आजही मराठी क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ आहेत. न दिलेल्या धावांसाठी माणसाला साठ वर्षे डोक्यावर घेणाऱ्या या समाजाला न होऊ दिलेल्या गोलांची किंमत समजावून सांगावी लागू नये.

मग फुटबॉलमध्येच हात आखडता का? पहिले कारण खेळाच्या व्यवस्थेत आहे. बचावपटू उशिरा पिकतो. वेग आणि चपळाई विशीत असते, पण पुढच्या तीन हालचाली आधी ओळखण्याची नजर तिशीजवळ येते. ती येईपर्यंत त्याला दर आठवड्याला सामना लागतो, तोच गोलरक्षक लागतो, तोच साथीदार लागतो. थोडक्यात, टिकणारा क्लब लागतो. इथे महाराष्ट्राची बाजू लंगडी आहे. राष्ट्रीय साखळी गाजवणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसीने २०१७ नंतर गाशा गुंडाळला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. कूपरेजवर रंगणारा रोव्हर्स करंडक इतिहासजमा झाला. कंपन्यांच्या आणि बँकांच्या संघांत नोकरी धरून पंधरा-पंधरा वर्षे खेळणारे जुने फुलबॅक ज्या व्यवस्थेत तयार होत, ती व्यवस्थाच उरली नाही. त्यामुळे मराठी बचावपटूला घडायचे असेल तर कोलकाता, बेंगळुरू, गोवा अशी वणवण अटळ ठरते. गोव्याचे महेश गवळी याच वाटेने ईस्ट बंगालमध्ये खेळले, भारताच्या बचावाचा कणा झाले, आणि २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षकावर बंदी आल्यावर उपांत्य आणि अंतिम सामन्यात भारताची सूत्रे त्यांनीच सांभाळली. भारताने ती स्पर्धा जिंकली. भेकेनेही मुंबईत परतण्याआधी कोलकाता आणि बेंगळुरू पालथे घातले. ही वणवण त्यांनी निभावली. निभावू न शकलेल्यांची गणती कोणीच ठेवलेली नाही.

दुसरे कारण सवयीचे आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठा ओस पडतात. मातीतला हा फुटबॉल महाराष्ट्राचे भूषण आहे. पण तिथेही बक्षिसांची रोख रक्कम, गाण्यांतली नावे आणि चौकातले फलक बहुतेक आघाडीच्या खेळाडूंच्या वाट्याला जातात. शालेय संघात प्रशिक्षक काय करतो? ज्याला चेंडू नीट मारता येत नाही, त्याला मागे उभा करतो. मग बचाव ही शिक्षेची जागा आहे, असे दहा वर्षांच्या मुलाच्या मनात पक्के बसते. पंधराव्या वर्षी त्याला 'तू स्टॉपर हो' असे सांगितले की त्याचा चेहरा उतरतो, आणि घरी बापही विचारतो, 'गोल किती केलेस?'

याला एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते मुळीच पोकळ नाही. प्रेक्षक गोल पाहायला येतात, तिकिटे गोलांवर खपतात, जाहिरातदार गोलांच्या मागे असतात. शिवाय सुपर लीगमधले क्लब मधल्या बचावासाठी परदेशी खेळाडू पसंत करतात, तेव्हा देशी बचावपटूला मोठे करून फायदा काय? यातला पहिला भाग मान्य आहे. पण दुसऱ्या भागाचे उत्तर राष्ट्रीय संघ देतो. तिथे परदेशी बचावपटू घेता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशिया चषकात भारताने तीन सामन्यांत सहा गोल घेतले आणि एकही केला नाही. भेके त्या संघातही होता. चार महिन्यांनी त्याच खेळाडूने सॉल्ट लेकवर देशातली सर्वांत बलाढ्य आघाडी अर्धा सामना रोखून धरली. फरक त्याच्या गुणवत्तेत पडला नव्हता. क्लबमध्ये रोजची सवय झालेले साथीदार होते, आणि राष्ट्रीय संघात तयारीला मिळालेले मोजके दिवस. बचाव हे एकट्याचे काम नसते. चौघांची ओळ एका दोरीने बांधल्यासारखी सरकली, तरच ती भिंत ठरते, आणि ती दोरी विणायला हंगामामागून हंगाम जावे लागतात. २०२५-२६ चा सुपर लीगचा हंगाम करारांच्या घोळात वेळेवर सुरूच झाला नाही. त्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती याच विणकामाला.

तेव्हा करायचे काय? मागण्या मोठ्या नाहीत. पश्चिम भारत फुटबॉल संघटनेने, मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या संघटनांनी आपापल्या स्पर्धांत जागांनुसार सन्मान द्यावेत: एक गोलरक्षक, चार बचावपटू, मग मध्य आणि आघाडी. याला खर्च लागत नाही, निवड समितीने नव्वद मिनिटे मागच्या बाजूलाही नजर ठेवावी लागते, एवढेच. शालेय स्पर्धांत एकही गोल न घेतलेल्या सामन्यांची नोंद गुणपत्रिकेवर बचावपटूंच्या नावांसह व्हावी. टॅकल, अडवलेले पास, जिंकलेले हेडर यांचे आकडे मोठ्या क्लबांकडे आता असतातच, ते संगणकात कुलूपबंद न ठेवता बातमीदारांपर्यंत पोहोचवावेत. खो-खोच्या बातमीत संरक्षणाची मिनिटे छापणाऱ्या मराठी क्रीडा पानांनी फुटबॉलच्या बातमीत निदान एक ओळ बचावासाठी राखून ठेवावी. आणि जिल्हा पातळीवरच्या लीग किमान सहा महिने चालतील, एवढी व्यवस्था राज्याच्या क्रीडा खात्याने करावी. दोन आठवड्यांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतून आघाडीपटू एखादा सापडतो, बचावपटू कधीच घडत नाही.

राहुल भेकेचा जन्म डिसेंबर १९९० चा. पस्तिशी ओलांडलेल्या बचावपटूपुढे मोजकेच हंगाम असतात. तो निवृत्त होईल तेव्हा त्याच्या हेडरच्या चित्रफिती सगळीकडे फिरतील, आणि फिराव्यातही. पण मुंबईच्या, कोल्हापूरच्या, पणजीच्या मैदानावर आज मागच्या ओळीत उभ्या असलेल्या मुलांना त्याची कारकीर्द सांगायची असेल, तर ती दोह्याच्या ०-० पासून सांगायला सुरुवात करावी. पुढच्या रविवारी मुलाचा सामना पाहायला जाणाऱ्या पालकांना एवढीच विनंती आहे: घरी येताना त्याला 'गोल किती केलेस' असे विचारायच्या आधी 'किती अडवलेस' असे विचारा.